डाव्या दरवाजातील पट्टी

बाबा, तुमच्या गाडीचा पुढचा डावा दरवाजा काल बदलून घेतला. भिलाईत कॅम्प-१ च्या बाजाराबाहेर ती व्यवस्थित कडेला उभी असताना एका मालवाहू ऑटोने दरवाजाचे पोट आत दाबले, आणि चालकाने खाली उतरून नुकसान पाहण्याऐवजी बसल्या जागेवरून गुटख्याची पिचकारी टाकली व तो निघून गेला. पत्रा सरळ होण्यापलीकडे गेला होता. या जातीच्या गाड्या आता तयार होत नाहीत, त्यामुळे भंगारवाल्याकडे त्याच वळणाचा दरवाजा शोधावा लागला. तुमची गाडी पांढरी; दरवाजा मिळाला तो मरून रंगाचा. तेही मी सोसले, कारण रंग नंतर देता येतो.

भिलाई-३ च्या रस्त्यावरचा मिस्त्री आपल्याच मुलखाकडच्या मराठी घरातला आहे, पन्नाशीचा, अखंड बोलणारा आणि हाताचे ग्रीस माझ्याच सीटला पुसणारा. त्याला दरवाजा आहे तसाच उचलून बसवायचा होता. "काका, कायले एवढी मेहनत? याच्यात काच हाय, मशीन हाय, लॉक हाय. उचलला अन् लावला. जेवणाच्या आधी गाडी तुमच्या हातात!" मी विचारले, "आणि किल्ली?" तो म्हणाला, "एक दरवाजाची, एक गाडी चालू करायची. लोकं तीन-तीन घेऊन फिरून राहिले जी." मी त्याला बजावले की या गाडीची किल्ली एकच आहे, ती माझ्या वडिलांची आहे आणि तिनेच हा दरवाजा उघडला पाहिजे, म्हणून आमची काच, ती वरखाली करणारी मशीन आणि आमचे लॉक या पत्र्यात जातील. बाहेरून तो कोणाचाही असो, आतून आमचाच राहिला पाहिजे. माझ्याकडे क्षणभर पाहून तो म्हणाला, "मास्तर होते ना तुम्ही? वाटलंच मले."

आधी भंगारातला दरवाजा रिकामा केला. आतले पॅड ओढताच वास आला. तळाशी गुटख्याच्या पुड्या, उंदरांच्या लेंड्या, केसांचे पुंजके आणि या सगळ्याला धरून ठेवणारा काळा चिखल. पाणी निथळण्याची भोके बुजलेली, खिळ्यांच्या जागी तारा, लॉकच्या दांड्याला गाठ मारलेली चिंधी. मिस्त्री बोटाने तो चिखल उपसत म्हणाला, "चालते जी, आत कोण पाहते?" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, शाळेत, कचेरीत, स्वतःच्या सोयऱ्यांकडून, आणि प्रत्येक वेळी मला तितकीच किळस आली आहे.

मग आपला दरवाजा उघडला. तो तुमच्यानंतर कोणी उघडलेला नव्हता. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटून होता, स्क्रू तेल लावून बसवलेले होते, तळ कोरडा होता. "पाहा," मी म्हणालो, "काम याला म्हणतात."  लॉक निघाले, दांडे निघाले, मशीन निघाली. शेवटी त्याने काच वर ओढून काढली, तेव्हा तिच्या पायाशी, लोखंडी खोबणीत ती जिथे बसते तिथे, एक जाड काळी पट्टी दिसली. कडेला रबर आणि मध्ये कापडाचे थर. ती मी त्याच्याही आधी ओळखली. तो मात्र मोठ्याने हसला.

"अरे, हा तर प्लांटचा बेल्ट हाय जी! कोळसा जाते ना ज्याच्यावरून, तो. काका, तुमचे बाबाबी आपल्यातलेच निघाले की!"

बाबा, त्या काळी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आपल्या सेक्टरमध्ये, कोणते घर असे होते, की ज्याच्या उंबऱ्यावर त्या बेल्टचा तुकडा पायपुसणे म्हणून पडलेला नव्हता? एक आपले. शेजारच्या काकूंनी आईला एक तुकडा दिला होता. हिवाळ्यात ओट्यापुढच्या गार फरशीवर उभे राहून तिचे पाय दुखत, म्हणून तिने तो तिथे अंथरला. तुम्ही प्लांटमधल्या पहिल्या पाळीवरून आलात, चपला काढता काढता तो पाहिलात आणि म्हणालात, "प्लांटचा हाय ना हा?" आई म्हणाली, "भंगाराच्या लिलावातला हाय म्हणते ते बाई." "लिलावातला असो का देवाघरचा असो. पाहणाऱ्याले काय माहीत? आपल्या घरात प्लांटचा नटही नाही पायजे." तो गुंडाळून तुम्ही स्वतः परत देऊन आलात.  पुढे कित्येक हिवाळे आई गोणपाटाची घडी पायाखाली घेऊन पोळ्या लाटत राहिली, आणि मी तुमच्याकडे पाहून ठरवले की माणसाने असे असावे. माझे सगळे वागणे मी त्या एका वाक्यावर उभे केले.

त्यामुळे पट्टी लिलावातली असेल, असे म्हणण्याची सोय तुम्ही माझ्यासाठी ठेवलेली नाही. दुसऱ्या कोणी बसवली असेल, असेही म्हणता येत नाही. टोके तिरपी कापलेली आहेत, आणि पट्टी बांधणाऱ्या तांब्याच्या तारेचे शेपूट कोणाला टोचू नये म्हणून आत वळवलेले आहे. तशी तार तुमच्याशिवाय कोणी बांधत नसे. मला ते दिवसही आठवतात. गाडी नवीन होती, आई डावीकडे बसे, आणि काच खडखडली की तिचे अर्धे डोके दुखू लागे. एका रविवारी तुम्ही दिवसभर दरवाजा उघडून बसलात, कोणाला जवळ येऊ दिले नाहीत. संध्याकाळी आपण फेरी मारली. आई म्हणाली, "अजी, आवाजच नाही! काय लावलं?" तुम्ही समोर पाहत म्हणालात, "रायपूरहून रबर आणलं." मागे मी बसलो होतो. मला तुमचा अभिमान वाटला होता.

पुड्यांची आणि लेंड्यांची किळस साबणाने हात धुतल्यावर गेली. ही गेली नाही. तो चिखल करणाऱ्यांनी निदान कोणाला उपदेश केला नव्हता. तुम्ही बायकोच्या पायाखालचा तुकडा काढून घेतलात आणि तिच्याच डोक्यासाठी दुसरा आणून पत्र्याआड लपवलात. आत कोण पाहते, हे तुम्हालाही ठाऊक होते. यात माया होती, हे मला कळते. ती कळल्याने किळस कमी होत नाही. उलट, त्या मायेला नीट धिक्कारताही येत नाही, याचा संताप येतो.

"फेकू का लावू?" मिस्त्रीने विचारले. मी म्हणालो, "फेका." त्याने पट्टीवाचून काच बसवली, ती तिरपी झाली आणि खाली घसरली. सायकलची ट्यूब कापून घातली. दरवाजा लावताच काच बशीसारखी वाजली. "याचं रबर आता कुठंच नाही भेटत काका. बाबांनी मापाचं कापलं हाय, राहू द्या ना." मी बराच वेळ बाहेर उभा राहिलो. मग आत येऊन म्हणालो, "लावा." आणि त्याने लावत असताना मी तारेचे शेपूट स्वतःच्या बोटाने आत वळवले. तुमची किल्ली फिरवली. लॉक पहिल्याच फेरीत उघडले.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, आणि घरात कोणाच्या हाती लागावे अशी माझी इच्छा नाही. म्हणून ते मी फाडणार आहे. तरी एक गोष्ट राहिली. संध्याकाळी हिला घेऊन दुर्गला निघालो. धडक बसल्यापासून काच एकसारखी वाजत होती आणि ही वैतागली होती. आता ही तुमच्या पट्टीवर बसलेल्या काचेशी, आईच्या जागी, टेकून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, आवाज नाही येऊन राहिला! काय लावलं त्यानं?"

मी समोर पाहत म्हणालो, "रायपूरहून रबर आणलं."