हेडचे नट मालकाच्या हातून

मेस्त्री, तुमचा नियम मी मोडला, त्याला आता वर्ष होईल. गाडीच्या मालकाच्या हाती पाना द्यायचा नाही, असं तुम्ही म्हणायचात. मालक बाहेरच्या बाकावर बसायचे. इंजिनाचं हेड बसवायची वेळ आली की तुम्ही मलाही चहा आणायला धाडायचात, म्हणून तीन वर्षं तुमच्या हाताखाली काढूनही हेडचे नट कुठल्या क्रमानं आवळतात ते मला ठाऊक नव्हतं. मग तुम्ही तापानं पडलात आणि मी एका टोकापासून ओळीनं सगळे आवळून टाकले. हेडखालचं गॅस्केट फुटलं, पाणी इंजिनात गेलं. बरं वाटल्यावर तुम्ही आलात, हेडवर हात ठेवलात आणि एवढंच म्हणालात, “डोसा कधी कडेकडून पसरतात का रे?” मधून बाहेर जायचं, हे मला त्या एका वाक्यातून मिळालं. बाकीचं कितीतरी तुमच्याबरोबर गेलं.

म्हणून आता दर रविवारी आनेकलच्या माझ्या शेडमध्ये मी मालकांनाच शिकवतो. शहरातून, पार हेब्बाळहून, मारतहळ्ळीहून लोक येतात, मोबाईलवर सगळं टिपून घेतात. सकाळी गणपतीपुढे उदबत्ती लावताना मी तुमची क्षमा मागतो आणि शटर वर करतो.

परवा निवृत्त शिक्षिका असलेल्या एका अक्कांच्या फियाटचं हेड बसवायचं होतं. गाडी नवऱ्याची, ते गेल्यापासून सहा वर्षं उभी. हेडचा तडा एकदा भरून घेतलेला. पुन्हा बिघडलं तर गाडी भंगारात द्यायची, असं मुलानं बजावलं होतं. अक्का पाना हातात घेतात, मधल्या नटावर ठेवतात आणि मी नकळत पुढे सरकतो. त्या वर न बघता म्हणतात, “अण्णा, स्वल्प लांब उभे राहा. हात शिवशिवतायत तुमचे.” मी हात पाठीमागे बांधले. सगळे नट पुन्हा आवळायच्या शेवटच्या फेरीत एक नट त्यांच्याकडून राहत होता, तो तोंडानं सांगितला, पाना मागितला नाही. अर्धा तास इंजिन चाललं. रेडिएटरच्या पाण्यात एक बुडबुडा नाही, तेल स्वच्छ. अक्कांनी मुलाला फोन लावला आणि मोबाईल इंजिनाजवळ धरला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहितो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण त्या वेळी मला अक्कांचा हेवा वाटला, मेस्त्री. त्यांना चूक होण्याआधी कुणीतरी सांगितलं होतं.