ठोंब्याचं हाड आणि माझा कुकर

४ मार्च, सोमवार

फ्रिजमध्ये पुन्हा हाड! दुधाच्या पातेल्याशेजारी, उघडं, ऐटीत. मी ओरडले. बाबा (म्हणजे माझे सासरे) पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अगं, झाकण घातलं होतं मी. ठोंब्याने काढलं असेल." ठोंब्या आमचा कुत्रा. फ्रिज उघडायचा, डब्याचं झाकण काढायचं आणि फ्रिज परत लावून टाकायचा, एवढी अक्कल असती तर त्याचं नाव ठोंब्या कशाला ठेवलं असतं?

बाबांनी चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलं. मी हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करते. बाबांना हे फार आवडतं. "तुझ्याकडे सुऱ्या, माझ्याकडे सुऱ्या. फरक एवढाच, तुझ्याकडचे उठून घरी जातात." हा विनोद त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या वडिलांसमोर केला होता. तरी लग्न झालं.

५ मार्च, मंगळवार

कच्च्या हाडात जंतू असतात. जंतू! सांगून सांगून तोंड दुखलं. बाबा म्हणतात, "त्यांनापण जगू दे की."

७ मार्च, गुरुवार

सुट्टी होती. मागच्या अंगणात बाबांची आणि ठोंब्याची शाळा बघितली. बाबा स्टुलावर, ठोंब्या समोर, शेपटी फरशी झाडतेय. हाड त्याच्या तोंडापेक्षा मोठंच पाहिजे, म्हणजे एकदम गिळता येत नाही. चरबी काढून टाकलेली. अर्धा तास चघळू द्यायचं. या अर्ध्या तासात बाबा जागचे हलत नाहीत, फोन वाजला तरी नाही. लहान झालं की हात पुढे करतात, "दे." आणि तो देतो! मी "चप्पल दे" म्हटलं की घरभर पळवतो मेला.

मग बाबा फरशी गरम पाण्याने धुतात, हात साबणाने धुतात, ठोंब्याचं तोंडसुद्धा पुसतात. हे मात्र मला माहीत नव्हतं. कौतुक वाटलं. सांगितलं नाही, चढून बसतील.

९ मार्च, शनिवार

भांडण झालंच. चिमीच्या गालावर ठोंब्याने जीभ फिरवली, हाड खाऊन दहा मिनिटं झाली नव्हती. आठ वर्षांची पोर, खिदळतेय. मी तिला बेसिनपाशी ओढत नेलं. बाबांना म्हटलं, "तुमच्या हाडापायी माझी पोरगी आजारी पडली तर?" फार लागेल असं बोलले. नंतर बाबा चिमीला हळूच सांगत होते, "जेवण झाल्यावर त्याला तासभर पापी द्यायची नाही, आईची ऑर्डर आहे."

वाईट वाटलं. पण चुकलं काय माझं? कामावर मी जे शिकले तेच सांगते: वाफ आणि दाब, त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. हत्यारांच्या पाकिटावरची पट्टी वाफेने काळी झाली की पास. हाडाला पट्टी नसते.

११ मार्च, सोमवार

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण. दिवसातून चार वेळा थेंब आणि पंधरा दिवस खाली वाकायचं नाही. घरी येऊन पहिला प्रश्न, "ठोंब्याचं कोण बघणार?" नवरोबा तर आठवड्यातले चार दिवस मालाच्या गाडीवर बाहेर.

मी म्हटलं, मी बघते.

त्यांनी माझा हात हातात घेऊन समजावलं, नवीन कारागिराला समजवावं तसं. "कच्चंच दे. शेजारी बस. बारीक झालं की काढून घे." मी म्हटलं, "हो बाबा." किती सहज म्हटलं!

१२ मार्च, मंगळवार

कुकर म्हणजे तरी काय, घरचं वाफेचं यंत्रच. बाबा आत झोपलेले असताना तीन शिट्ट्या. हाड पांढरंशुभ्र, वास नाही, चिकट नाही. थंड करून अंगणात दिलं. ठोंब्या बेहद्द खूश, कडाकडा आवाज करत खाल्लं. बाबांनी आतून विचारलं, "कच्चंच ना गं?" म्हटलं, हो. जंतूही मेले, बाबाही खूश. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

१४ मार्च, गुरुवार

चिमी म्हणते, "आई, ठोंब्या आता दोन मिनिटांत संपवतो." मी म्हटलं, बघ, आवडतंय त्याला.

१५ मार्च, शुक्रवार

लिहायलाच हवं.

सकाळी हाड दिलं आणि मी कपडे वाळत घालायला गेले. शेजारी बसले नाही. दुपारी ठोंब्या ओकला, पाठ कमानीसारखी करून उभा राहिला, पोटाला हात लावू देईना. मग कोपऱ्यात जाऊन पडला. हाक मारली तर नुसती शेपटी हलवली, एकदाच.

नवरोबा आज घरीच होते म्हणून निभावलं. दवाखान्यात नेलं. बाबा हट्टाने आले, डोळ्यावर झाकण तसंच. डॉक्टरीणबाई एक्स-रे काढून बाहेर आल्या. पोटात हाडाचे अणकुचीदार तुकडे, लगेच ऑपरेशन. मग मला विचारलं, "हाड कच्चं होतं की शिजवलेलं? शिजवलेलं हाड काचेसारखं फुटतं."

काचेसारखं. मी ऐकलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "कच्चं."

का? का बोलले? मी, जी एका चिमट्याची नोंद चुकली तर अख्खा ट्रे परत लावते! डॉक्टरशी खोटं बोलले! बाबा शेजारीच उभे होते. नवऱ्याने सगळा राग त्यांच्यावर काढला, "किती वेळा सांगितलं, हे हाडांचं खूळ सोडा!" बाबा म्हणाले, "चुकलं माझं." मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "मला एकदा भेटू द्या त्याला, आत नेण्याआधी." पाच मिनिटं आत होते. मी बाकावर बसून राहिले, दगडासारखी.

१६ मार्च, शनिवार

वाचला. वाचला वाचला वाचला!

१८ मार्च, सोमवार

ठोंब्या घरी. पोटावर टाके, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. दाराला आपटतो, भिंतीला आपटतो आणि आमच्याकडे असं बघतो जसं काही दार आम्ही हलवलं. चिमीने नरसाळ्यावर फूल काढलंय.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. शिजवलेलं हाड कधीच द्यायचं नाही, उकडलेलं नाही, भाजलेलं नाही. कच्चं दिलं तरी ते अगदी बिनधोक असं समजायचं नाही. फार टणक असेल तर दात तुटतो, बारीक तुकडा घशात अडकतो, आणि जंतू तर असतातच, तेव्हा हात-फरशी धुवायची, लहान मुलांना लांब ठेवायचं. द्यायचंच असेल तर मोठं द्यायचं, समोर बसून द्यायचं. न दिलं तरी कुत्र्याचं काही अडत नाही. म्हणजे जंतूंचं माझं बरोबर होतं. आणि बाकी सगळं बाबांचं.

बाबा मान खाली घालून ऐकत होते, जणू त्यांनाच नवीन.

२१ मार्च, गुरुवार

बाबा अंगणात जात नाहीत. स्टूल त्यांनी चिमीला देऊन टाकलं, "तुझ्या रंगांच्या डब्यासाठी घे." ठोंब्या त्यांच्या खोलीच्या दारात नरसाळं टेकवून पडतो. ते म्हणतात, "जा रे, आईकडे जा. मला काही कळत नाही तुझ्यातलं."

चाळीस वर्षं ज्याने हाड हाताळलं तो माणूस म्हणतो, मला काही कळत नाही! आणि मी स्वयंपाकघरात कुकर घासत उभी. कुकरकडे बघवत नाही. माझं फार प्रेम आहे या म्हाताऱ्यावर, हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस हेच सकाळी माझ्या उशाशी चहा ठेवून जायचे, एक शब्द न बोलता. आणि मी त्यांना त्यांच्याच घरात अडाणी ठरवून बसलेय.

उद्या सांगते.

२२ मार्च, शुक्रवार

नाही सांगितलं. भित्री.

२३ मार्च, शनिवार

सांगितलं! जेवताना, सगळ्यांसमोर. घास हातात तसाच. "हाड मी कुकरमध्ये शिजवलं होतं. चारही दिवस. बाबांनी कच्चं द्यायला सांगितलं होतं. शेजारी बसलेही नाही. आणि डॉक्टरांशी खोटं बोलले."

नवरोबांचा चेहरा! चिमी म्हणाली, "आई, तू?" तिचा तो आवाज मला जन्मभर पुरेल.

आणि बाबा! "काय सांगतेस! कुकरमध्ये?" डोळे एवढे मोठे केले, ऑपरेशनचासुद्धा. "किती शिट्ट्या?" म्हटलं, तीन. "तीन!" मग मुलाकडे वळून, "ऐकलंस का रे? तीन शिट्ट्या! आणि तू मला बोललास." नवऱ्याने खरंच माफी मागितली. बाबांनी ती सावकाश, पुन्हा वाढून घ्यावी तशी घेतली. मी रडायला लागले तर म्हणाले, "अगं, रडतेस काय? तू भीतीपोटी केलंस, पोरीच्या काळजीने केलंस. पण सूनबाई, पुढच्या वेळी भाजी शिजव. हाड नको."

बाबा किती भोळे! यांच्या डोळ्यांदेखत घरात काहीही चालेल, यांना पत्ता लागणार नाही. आता मीच जपलं पाहिजे त्यांना.

२७ मार्च, बुधवार

वाकायची परवानगी मिळाली. पहिलं काम, ठोंब्याचं नरसाळं नीट बसवलं. दोघं अर्धा तास अंगणात. हाड नाही, गाजर. ठोंब्याने गाजराकडे आणि मग बाबांकडे जे बघितलं ना!

३० मार्च, शनिवार

टाके काढले. मीच एकटी घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं की त्या दिवशी मी खोटं बोलले, हाड शिजवलेलं होतं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे," आणि केसपेपर माझ्याकडे फिरवला. पंधरा तारखेखाली त्यांच्या अक्षरात: 'हाड शिजवलेलं. आजोबांनी अंगणातले तुकडे खिशातून आणून दाखवले. सुनेला काही बोलू नका म्हणाले. ती स्वतःहून सांगेल.'