जेवण झाल्यावर मागा

अल्माटी,
शुक्रवार, १७ मे

कोके,

तुम्हाला आणि काकूंना सलाम. गुडघा कसा आहे? मेंढ्या सुखरूप व्याल्या का? इकडे सगळं ठीक. हे पत्र चष्मा लावून तुम्हीच वाचा, काकूंना मोठ्यानं वाचायला सांगू नका. फोनवरच बोलणार होते, पण तुमचा आवाज आला की मी मेंढ्यांचंच विचारत बसते. म्हणून आपल्या केगेनच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतेय.

माझी वर्षाची इंटर्नशिप या महिन्यात संपते. तुम्ही सारखं विचारायचात, "पोरी, पगार धड नाही, मग वर्षभर तिथं करतेस तरी काय?" तर शिकले बरंच. पहिल्या दिवसांत बैठकीत कुणी माझ्याकडे नुसतं बघितलं तरी मी वहीत डोकं खुपसायचे. आता साहेबांना मध्येच अडवून "थांबा, हा आकडा चुकलाय" म्हणते. रशियन बोलताना कुणी हसत नाही. कडू गोष्ट गोड करून सांगताही येते. आमच्या कंपनीत माणसांना जमिनीवरून उठवणं म्हणत नाहीत, 'जागा मोकळी करणं' म्हणतात. मीही तसंच म्हणते.

आणि नोकरी पक्की झाली. आमच्या विभागाचे दमीरसाहेब केक घेऊन आले, विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, अख्ख्या वर्गात तोगजानचंच नशीब फळफळलं. काकूंनी ही बातमी गावभर सांगितली असेल. कोके, त्यांना जरा थांबवा.

ती नोकरी कशामुळे मिळाली ते सांगायचंय, आणि हात पुढे सरकत नाहीये.

हिवाळ्यात डोंगरातल्या हॉटेलासाठी जागा बघायचं काम आमच्याकडे आलं. तुमचं उन्हाळी कुरण, झऱ्यासकट, नकाशाच्या बरोबर मधोमध. त्याआधी शरदात कंपनीची माणसं कागद घेऊन आली होती आणि तुम्ही त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. दमीरसाहेब बैठकीत म्हणाले, "हा म्हातारा कशानं वाकेल? कुणाला काही सुचतंय?"

 मी गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, गप्प बसणारीला इथं कोण ठेवून घेणार. मी हात वर केला. म्हटलं, "ते माझे थोरले काका आहेत. कागद घेऊन दारात जाऊ नका, पाहुणे म्हणून जा. त्यांना मेंढी कापू द्या. जेवण झाल्यावर मागा, आणि मागताना 'कोल्का' हा शब्द वापरा."

"म्हणजे काय?"

"आपलेपणानं घातलेली गळ. घरात जेवलेल्या माणसानं कोल्का घातली की आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याचं गावात नाक कापलं जातं."

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी चित्रांसकट पडद्यावर दाखवलं. टाळ्या वाजल्या. दमीरसाहेब म्हणाले, "पोरगी सोनं आहे." आणि मला आनंद झाला, कोके. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी खुशीत झोपले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, फक्त गाडीतलं माहीत नाही. तुमच्याकडे येताना वाटभर मी दमीरसाहेबांकडून तो शब्द घोकून घेत होते. त्यांना धड कझाक येत नाही, ते 'कोलका' म्हणायचे आणि मी हसून सुधारायचे. मग तुम्ही त्यांना मानाच्या जागी बसवलंत, मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलंत. ताटं उचलल्यावर त्यांनी तो शब्द काढला आणि कुरण मागितलं. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, जरा विचार तरी करा." तुम्ही म्हणालात, "पाहुण्यानं मागितलंय. आता विचार कसला?"

आणि मग तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. म्हणालात, "शहरात वाढलास, तरी हा शब्द विसरला नाहीस. शिकवला कुणी?"

ते म्हणाले, "आजीनं."

मी जेवणाच्या कापडावर सांडलेले रोटीचे तुकडे वेचत बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मला वाटतं अभिमानानंच, की पोरगी भल्या माणसांत काम करते. मी मान वर केली नाही. बाबा गेल्यावर ज्या घरानं मला पोसलं, त्याच घरचे मी वासे मोजले, कोके. परक्यानं मोजले असते तर त्याला इतके नीट मोजता आले नसते.

बुधवारी ते सह्या घ्यायला येणार आहेत. कुरण गेलं की जूनमध्ये कळप न्यायचा कुठं, हे तुम्ही कुणाला बोलून दाखवणार नाही; गुपचूप कळपच विकाल. म्हणून लिहितेय. सही करू नका. कोल्का मनातून घालतात. ती ठरवून, घोकून घातलेली होती, तेव्हा ती कोल्का नव्हतीच. तुम्ही शब्द मोडला असं होत नाही, तुम्हाला फसवलं गेलं. गाव विचारेल तेव्हा माझं नाव सांगा. काकूंनाही सांगा.

नोकरी सोडून दिली असं लिहिता आलं असतं तर तुमच्यापुढे उभं राहायला तोंड तरी असतं. अजून सोडलेली नाही. बुधवारी गाडीत त्यांच्याबरोबर मीही असेन, घरचं माणूस म्हणून मला पुढे बसवणार आहेत. तुम्ही नाही म्हणालात की ते माझ्याकडे बघतील. तेव्हा पत्र मीच धाडलं हे सांगायचं मी ठरवलंय. तेवढं तरी धैर्य होवो.

एक मागणं आहे. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. आलेल्यांना दारातून परत पाठवू नका, चहा द्या. पण पहिलाच वाडगा काठोकाठ भरा. ही रीत मी त्यांना शिकवलेली नाही. भरला वाडगा म्हणजे प्या आणि निघा, हे त्या पाहुण्यांत फक्त मला कळेल.

माझाही तसाच भरा.

तुमच्या घरी वाढलेली,
तोगजान