शुक्रवारी तुटणारं कनेक्शन

प्रिय ओवेन,

तुझा कॉम्प्युटर मजेत आहे. मी त्याला बंद करत नाही, झोपू देत नाही, पंख्याखालून हलवत नाही. बाळकुमच्या या घरात माझ्याहून त्याचीच बडदास्त जास्त. शेजारची व्हॅलेरी विचारते, मुलगा बंगलोरला आणि मशीन इथे चालू, ते कशाला? मी तिला तू पढवलेलं ऐकवते, की तू तिथून इंटरनेटवरून, त्या व्हीपीएनने, आपल्या घरात शिरतोस आणि याच कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करतोस. ती मान डोलावते. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. कंपनी माणसाला बदलीवर पाठवते आणि एक धड मशीन देत नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, हे तेव्हाच कळलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाने ओव्हरटाइमच्या नावाखाली दुसरं घर चालवलं आणि शेवटी तिकडेच राहिला. एकदा दुधाने तोंड पोळलंय, मी ताक फुंकूनच पिणार.

पहिल्यांदा कनेक्शन तुटलं तेव्हा मी फार घाबरले होते. धूळ पुसताना राउटरचा प्लग मीच काढला होता. परत लावला, दिवे लागले, तरी तुला कॉम्प्युटर सापडेना. तू फोनवरून किती शांतपणे सांगितलंस. तो काळा चौकोन उघड, हे लिही, आलेला आकडा वाच. कॉम्प्युटरला नवा नंबर मिळाला होता आणि तू जुन्याच नंबरवर दार ठोठावत होतास. मग तो नंबर तू कायमचा बांधून टाकलास. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला, खरंच. आणि तेव्हाच तू मला शिकवलंस, की एक बाजू नीट असेल तर दोष दुसऱ्या बाजूला शोधायचा.

तो मी शोधला. कारण त्यानंतरही दर शुक्रवारी सकाळी तुझं कनेक्शन जायला लागलं, आणि तू मलाच फोन करून म्हणायचास, तुमची बाळकुमची लाइन भिकार आहे. चोराच्या उलट्या बोंबा! इथे राउटरचे सगळे दिवे हिरवे, त्याच लाइनवर मी मोबाइलवर प्रार्थना बघत बसलेली. म्हणजे दोष तुझ्याकडे. आता शुक्रवारी बंगलोरला काय होतं, ते मला माहीत नाही. पण डोंबिवलीला एमआयडीसीकडे दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, हे माहीत आहे. लग्नानंतर, इथे बाळकुमला येईपर्यंत, मी तिथेच राहिले. शुक्रवारच्या मासळीचं वाटण मी गुरुवारीच मिक्सरमधून काढून ठेवायचे.

आधी वाटलं, पोरगी असेल. देवाशपथ, पोरगी असती तर मी नाचले असते. पण गेल्या शुक्रवारी मी तुला दिव्यांचे रंग सांगत होते आणि तुझ्या मागे कुणीतरी खोकलं. आधी घसा खाकरणं, मग ढास, मग जेजू ख्रिस्ताचं नाव घेऊन सोडलेला सुस्कारा. तू घाईघाईने फोन ठेवलास. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाळा. तो खोकला मी इतकी वर्षं शेजारी झोपून ऐकलाय.

म्हणून हे पत्र बंगलोरला पाठवत नाही. तुझ्या बापाच्या, जेरोमच्या, डोंबिवलीतल्या त्या दुसऱ्या घराच्या पत्त्यावर पाठवतेय. माझा राग तू त्याच्याकडे गेलास याचा नाही. खोटं बोलून गेलास याचा आहे, तेही हुबेहूब त्याच्यासारखं, कामाचं निमित्त काढून. मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, आणि ते तुला माहीत होतं, म्हणून तू विचारलं नाहीस. त्याला काय झालंय, ती बाई आहे की गेली, मला ऐकायचं नाही. पण तो खोकला आता पूर्वीचा राहिलेला नाही, आणि त्या कारखान्यांच्या हवेत तो बरा होणार नाही. आपल्याकडे मागची खोली रिकामी आहे. आपणहून त्याला बोलावणं माझ्याने होणार नाही, तेवढं माझ्याकडे मागू नकोस. पण तू ये, समोर बस आणि जे तेव्हा विचारलं नाहीस ते आता विचार.

तुझीच,
मम्मी