निओडिमियमची चमकी

१८ जानेवारी २०१७, बुधवार
आज सातवीला निओडिमियम! वापीहून आणलेली चार चुंबकं, मसुरीच्या दाण्याएवढी. सांगितलं — या धातूला दुर्मिळ म्हणतात, पण जमिनीत तसा बराच आहे. खडकातल्या इतर धातूंपासून वेगळा काढणंच महाकठीण. उघडा राहिला की हवेने काळवंडतो, म्हणून वर निकेलचा मुलामा. लोखंडात मिसळला की ओढ अशी, की मधे सापडलेल्या बोटाला चिमटा बसतो. पोरं जांभया द्यायला लागली. मग शितलच्या नाकपुडीला आतून एक, बाहेरून एक लावलं — झाली चमकी! वर्ग हसला.

शाळा सुटल्यावर ती घुटमळत राहिली. नाक टोचलेलं नाही, रविवारी बहिणीचं लग्न. "ने घरी, लग्नात मिरव," म्हटलं. शाळेची वस्तू बाहेर द्यायची नाही, हा मोतीराम हेडसरांचा नियम. त्यांना कोण सांगतंय!

२० जाने.
शितल गैरहजर. लग्नाची गडबड.

२१ जाने., शनिवार
शितलची आई नवशी चिकूच्या वाडीतलं काम टाकून आली. "बाई, पोरगी जाम ओकते. शाळेतलं चुंबक नाकातून घशात गेलं. दुसरं हरवायला नको म्हणून तोंडात धरलं, तेपण गेलं. कुणी दिलं, सांगतच नाही."

डहाणूच्या डॉक्टरला नवशीने 'चमकी गिळली' एवढंच सांगितलेलं. एक्स-रेत एकच ठिपका, पडेल आपोआप, म्हणून घरी पाठवलं. एकच ठिपका — म्हणजे दोन्ही चिकटली. आणि मधे आतडं असेल तर?

रिक्षा करून तिघी थेट वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांना मीच सांगितलं — दोन आहेत, निओडिमियमची आहेत. त्यांचा चेहरा बदलला.

२२ जाने.
ऑपरेशन तीन तास चाललं. आतड्याला भोक पडलं होतं. वाचली. लग्न पुढे ढकललं.

२३ जाने.
हेडसरांनी विचारलं, चुंबकं बाहेर गेली कशी? "डबीतून घेतली असतील तिने." किती पटकन बोलले मी! स्वतःचीच चीड येते. उद्या खरं सांगते.

२४ जाने.
नाही सांगितलं.

२७ जाने., शुक्रवार
सरांबरोबर वलसाडला गेले. सरांनी शितललाच विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "डबीतून घेतली. बाईंना न विचारता." नवशीने तिथेच तिच्या थोबाडीत मारली. मी नवशीचा हातसुद्धा धरला नाही.