बाकाखालची नलू

भाऊराव इवाई, जयभीम.

परवा वणीच्या नाक्यावर तुम्ही आमची मोटर अडवली. मिल्ट्रीच्या जुन्या मोटरीत आम्ही घर केलं, म्हणून हसले. मंग आत चढून बाकावर बसले अन् चहा मांगतला.

"सून कुठं लपवली, पंचफुलाबाई?"

मी म्हटलं, "तुमच्या घरून पळाली, तुम्हालेच ठाऊक."

त्या बाकाचं झाकण उघडते. आत आम्ही जवारी ठेवतो. त्या दिवशी पोतं टपावर होतं अन् आत आमची पोर नलू होती, पाच महिन्याची गरवार, पाठीवर तुमच्या पोराच्या पट्ट्याचे वळ. तिले खोकल्याची उबळ आली. ते ऐकू जाऊ नये म्हणून मी स्टोव्हले पंपावर पंप मारले.

"चहा उतू चालला, बाई, बंद करा," तुम्ही म्हणाले.

"दुसरा कप घ्या," मी म्हटलं. तुमचं पिणं संपता संपेना.

आता लई दूर आलो. नलूचा बाप मोटर हाकते, रोज गाव बदलते. काल पोरीनं पोटभर खाल्लं. तिले परत धाडत नाही, हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. पण पाकिटावर पोष्टाचा शिक्का बसते, अन् शिक्क्यावर गावाचं नाव असते. म्हणून हे पत्र मोटरीतच राहीन.

नलूची माय,
पंचफुला