होसला गेलेली चीर

उस्ताद,

काल कामथडीच्या पुढे एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, गाडी ओढत नाही, चढाला काळा धूर टाकते, टर्बो गेला असणार. मी साबणाचं पाणी कालवलं, टर्बोतून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी होसवर ओतलं आणि त्याला रेस करायला लावलं. क्लिपपाशी बुडबुडे आले. क्लिप आवळली, काम झालं. तुम्ही शिकवलेलंच केलं, तरी दिवसभर मन लागलं नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझी तिशी उलटली होती. वेल्ह्याकडची शेती भावावर सोडलेली, घरी दोन लेकरं, आणि थोडंफार काम येत होतं त्याचा तोरा मोठा. तुमचं नाव तेव्हा भोरपासून शिरवळपर्यंत. लोक तुमच्याकडे गाडी दाखवायला नाही, ऐकवायला आणत. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं तुम्ही इंजिनवर फिरवायचात, डोळे मिटून. निदान सांगून झालं की फडकं खांद्यावर टाकायचात. फडकं खांद्यावर गेलं की पुढे कुणी बोलायचं नाही, हा आपल्या गॅरेजचा रिवाज.

पहिल्याच महिन्यात मी एका गाडीचा टर्बो खोलून बसलो. आत काहीच नव्हतं, हवा होसमधून निसटत होती. चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, "आधी हवा कुठं जाती ते बघायचं. टर्बोला सगळ्यात शेवटी हात लावायचा. तुला कान हायेत का नुसती भोकं?" ते हसले. संध्याकाळी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत, चाचींनी दोनदा रस्सा वाढला. तुमच्या लेखी विषय संपला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं झालं.

नऊ-दहा वर्षं गेली. तुम्हाला आता दोनदा हाक मारावी लागायची, हे फक्त चाचींना आणि मला ठाऊक होतं. गॅरेज तुमच्या कानांवर चाललेलं. ते गेले हे बाहेर कळलं असतं तर तुमच्याकडे काय उरलं असतं? अशात तो सळ्या भरलेला ट्रक आला. आपण दोघं ड्रायव्हरशेजारी बसून चढावर गेलो. त्याने पाय दाबला आणि खालून बारीक फुस्स ऐकू आलं. मी तुमच्याकडे बघतो, तर तुम्ही डोळे मिटून बसलेले. परत आल्यावर टर्बोचा पंखा तुम्ही बोटाने हलवून पाहिलात, थोडा ढिला होता. "टर्बो गेला," म्हणालात आणि फडकं खांद्यावर टाकलंत.

ड्रायव्हरने मला बाजूला घेतलं. "तुमाला काय वाटतं?"

"उस्तादांनी सांगितलंय न्हवं," मी म्हणालो.

टर्बो पुण्याहून दुरुस्त होऊन आला. तीन दिवसांनी गाडी निघाली आणि खंबाटकीच्या घाटात तशीच धापा टाकत थांबली. ती परत आली तेव्हा ड्रायव्हरने शिव्या दिल्या नाहीत. तुम्हाला ओलांडून तो मला म्हणाला, "आता तुमी बघा." मी साबणाचं पाणी आणलं. होसच्या खालच्या अंगाला बोटभर चीर होती, दाब आला की उघडणारी. फेस उसळला. तुम्ही बघत राहिलात, मग खांद्यावरचं फडकं आणि ती नळी माझ्या हातात दिलीत. "तुझे कान शाबूत हायेत," एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत. पुढे कधीच आला नाहीत. घराच्या ओट्यावर बसून असायचात, आणि वर्षाच्या आत गेलात.

चाची भोरलाच असतात. ईदला मी जातो. आल्यागेल्याला त्या सांगतात, "ह्या भाऊंना आधीच कळलं हुतं. पर आमच्या ह्यांचा मान राखला, तोंड उघडलं न्हाई." तुम्हीच त्यांना तसं सांगितलं होतंत म्हणे, शेवटच्या आजारात. म्हणजे चढावरचं ते फुस्स मी ऐकलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो.

हे चाचींना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसलो होतो. नाही दाखवणार. मान-बिन काही नव्हता, उस्ताद. चार लोकांच्यादेखत तुम्ही एकदा चुकलेलं मला बघायचं होतं.